माशांच्या कानातले खडे

“वीस वर्षं ज्यांना वडिलांच्या जागी मानलं, ते सर माझा फोन उचलत नाहीत. काल घरी गेले, तर दारातूनच म्हणाले, ‘मला यात ओढू नकोस.’ ही काय वागायची रीत झाली, काकी?”

काकींनी चष्मा पुसला. त्यांची चौकशीची कचेरी शिंप्याच्या दुकानावर होती. शाळा त्यांची चौथीत सुटली होती. पण खोटं बोलणारा माणूस समोर बसला की त्यांना ते वासानंच कळे, आणि हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला चुकत नसत.

“सरांचं राहू दे. चोरी कशाची झाली ते सांग.”

“माशांच्या कानातल्या खड्यांची.”

कोपऱ्यात बसलेल्या जावईबापूंचं बिस्किट चहात पडलं. “माशाला कान असतात?”

“तुम्हाला आहेत, त्याचा काय उपयोग झाला?” काकी म्हणाल्या. “तू बोल गं.”

समोरची बाई समुद्रातल्या माशांवर संशोधन करणारी होती. खडकांत राहणारा एक मोठा तांबडा मासा हा तिचा विषय. त्याच्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात, शिंपल्यासारखे, चुन्याचे. दर वर्षी खड्यावर एक वळं चढतं. वळी मोजली की माशाचं वय कळतं.

“आता बाजारात येणारे सगळे कोवळे. म्हातारा एक नाही. पूर्वी होते, हे दाखवायला सरांनी तरुणपणी जमवलेले खडे होते. सहा बरण्या. उद्या सुनावणी आहे. तांबडा अंडी घालतो त्या महिन्यांत मासेमारी बंद ठेवायची की नाही, ते ठरणार. सगळ्यांसमोर बरण्या उघडून, खडे कापून मोजायचे होते.”

“कापून?”

“सरांच्या काळी अख्खा खडा भिंगाखाली धरत. आता आडवा कापतात, म्हणजे आतलं सगळं दिसतं.”

“आणि हा तांबडा संपला तर? दुसरे मासे आहेत की,” जावईबापू म्हणाले.

“तांबडा समुद्रातले काटेरी गोळे खातो. तो गेला की ते गोळे माजतात आणि खडकावरचं शेवाळ फस्त करतात. त्या शेवाळात बाकीच्या माशांची पिल्लं वाढतात. एक मासा जात नाही, अख्खं घर बसतं. आणि आता लोक म्हणतात, खडे नव्हतेच, किंवा मीच लपवले. नोकरी गेली तर जाऊ दे. पण उद्या हरले, तर पुन्हा बंदी मागायला मासाच उरायचा नाही.”

काकी उठल्या. “पायताण घाला, जावईबापू.”

प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट होतं. आत सहा बरण्या, काचेच्या, पत्र्याच्या झाकणांच्या. झाकणांभोवती लाख, लाखेवर सरांची मोहोर. एकही मोहोर तुटलेली नव्हती. आणि एकाही बरणीत खडा नव्हता. गळ्यापर्यंत स्वच्छ पाणी दिसत होतं, तळाशी कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी हलत होतं.

“हे स्पिरिट,” ती म्हणाली. “खडे त्यात ठेवायची जुनी पद्धत. हा बघा माझ्याकडचा जुना फोटो.”

फोटोत खडे होते, आणि स्पिरिट अर्ध्या बरणीपर्यंत.

“सरांनी रिकाम्याच दिल्या असतील!” जावईबापूंना एकदम सुचलं.

“नाही. महिन्यापूर्वी त्यांनी घरी मोहोर लावली, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. टॅक्सीत मांडीवर घेऊन आले. खडे वाटभर वाजत होते. कागद मी कालच सोडला.”

“किल्ल्या?”

“एक माझ्या पर्समध्ये. दुसरी घरी, खिळ्याला.”

जावईबापूंनी झाकणावर अंगठा दाबला. मधोमध फुगलेला पत्रा ‘टक’ असा वाजला. त्यांनी दुसरं दाबलं. टक. तिसरं.

“खेळणं आहे का ते?” काकी म्हणाल्या. पण मग स्वतःच उरलेली तीन दाबून पाहिली.

घरच्या खिळ्यावरच्या किल्लीपर्यंत हात पोचणारा दुसरा माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याच्या चार बोटी होत्या. धक्क्यावर तो इंजिनात डोकं घालून बसला होता.

“वहिनीनं तुम्हाला माझ्यावर सोडलंय होय?” तो हसला. “बंदी आली तर माझ्या बोटी उभ्या राहतील, खरंय. घरात रोज भांडतो आम्ही. पण ते खडे मला हवेच होते, काकी.”

“ते कसं?”

“सरांनीच तेव्हा सरकारला सांगितलं होतं, तांबडा चार वर्षांत वयात येतो, मारा खुशाल. त्यांच्या शब्दावर माझ्या बापानं पहिली बोट घेतली. खडे मोजले असते तर वहिनीच तोंडघशी पडली असती. आता ती म्हणणार, चोरी झाली. चोर सापडला तर मला कळवा, त्याचे कान मीच उपटतो.”

सरांचं घर टापटीप होतं. सर म्हातारे, सभ्य, आणि सगळं बोलणं जावईबापूंकडे बघून करणारे. काकी घरातली खुर्ची असल्यासारख्या बसून राहिल्या.

“तिचं फार वाईट वाटतं,” सर म्हणाले. “हुशार मुलगी. जरा हट्टी. आम्ही खड्याला कधी करवत लावली नाही.”

“चोर कोण असेल?” जावईबापूंनी विचारलं.

“शोधून काय करणार? ते खडे आता कुणालाच दिसायचे नाहीत.”

खाली उतरताना काकी जिन्यातच थांबल्या. त्यांचा चेहरा पडला होता. “जावईबापू, दुपारी या माणसाला प्रयोगशाळेत घेऊन या. नाही म्हणाले तर उचलून आणा. दिरालाही बोलवा.”

“म्हणजे चोर कळला?”

“चोर कुठला? चोरीच झाली नाही.”

दुपारी चौघं बरण्यांसमोर उभे होते. काकी एकट्या बसल्या.

“मोहोर शाबूत, झाकण बंद, मग खडे बाहेर आले कसे? आलेच नाहीत. आतच संपले.” त्या संशोधिकेकडे वळल्या. “खडा कशाचा म्हणालीस?”

“चुन्याचा.” ती बोलता बोलता थबकली. “चुन्यावर आंबट पडलं तर...”

“बोल.”

“विरघळतो. वायू सुटतो. मागे नुसता पापुद्रा राहतो.” तिचा हात झाकणाकडे गेला. “म्हणून ही फुगलीत. हे मला... मला सुचायला हवं होतं.”

“तुला येत होतं, पण मनात आलं नाही. सरांनी भरलेली बरणी म्हणून.” काकींचा आवाज उतरला. “फोटोत स्पिरिट अर्धं, इथे गळ्यापर्यंत. वरचं अर्धं कुणी ओतलं? मोहोर लागण्याआधीच ओतायला हवं, म्हणजे किल्ल्यांचा प्रश्नच मिटला. टॅक्सीत खडे वाजले, कारण हे काम सावकाश होतं. दिराला खडे मोजायला हवे होते. त्याचा सगळा भरवसा सरांच्या शब्दावर. आणि सगळे म्हणतात चोर शोधा, एकटे सर म्हणतात, ते कुणालाच दिसायचे नाहीत.”

त्यांनी एका बरणीची लाख उकरली. झाकण सुटताना फुस्स झालं. खोलीभर व्हिनेगरचा वास पसरला.

जावईबापू म्हणाले, “पण सरांनी स्वतःचे खडे का...”

“वर्षापूर्वी मी एक कापून पाहिला,” सर बोलले. पहिल्यांदाच ते काकींकडे बघत होते. “घरी, एकट्यानं. पूर्वी त्याच खड्यावर मी सात वळी मोजली होती. आत पन्नासच्या वर होती. इतकी बारीक, एकमेकांना चिकटलेली. हा मासा वयात यायलाच वीस वर्षं लागतात. मी चार सांगितली होती.”

दीर मटकन स्टुलावर बसला. “माझ्या बापाला तुम्ही...”

“मला तेव्हा माहीत नव्हतं रे.”

“सर, तो कापलेला खडा कुठाय?” संशोधिकेनं विचारलं. रागानं नाही, अजून काही वाचेल या आशेनं.

“तोही यातच टाकला.”

ती खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. जावईबापूंनी उघडं झाकण उगाच परत बरणीवर ठेवलं.

काकी उठून सरांसमोर आल्या.

“चुकीचं मोजलंत, त्याला कुणी नावं ठेवली नसती. हिनं तर तुमच्या बाजूनं भांडण केलं असतं. पण समुद्राची जी आठवण तुमच्याकडे ठेवायला होती ती तुम्ही आंबट पाण्यात घातलीत, आणि वर या पोरीला खोटं पडू दिलंत. ते खडे आता कुणी आणून देणार नाही, मीसुद्धा नाही. राहिला तुमचा शब्द. उद्या हिच्या आधी तुम्ही उभं राहायचं. सात सांगितलीत, पन्नास होती, कुणी विरघळवली, सगळं बोलायचं. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, सर. एक अक्षर गिळलंत, तर तुमच्या पांढऱ्या केसांचा मान मी ठेवणार नाही.”