दीपवेळ

समुद्रातली पोवळी तापलेल्या पाण्यात पांढरी पडून मेली त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. पण समुद्रापासून कितीतरी कोस दूर, सोलापुरात, पद्मजाबाई चिट्याल यांच्या पुढच्या खोलीत एकतीस पोवळी जिवंत होती.

पोवळी नामशेष होण्याआधी शास्त्रज्ञांनी बोटाएवढे तुकडे देशभरातल्या नऊशे घरांना सांभाळायला दिले होते. त्यांना पालकघरं म्हणत. पद्मजाबाईंनी एका तुकड्याच्या फांद्या छाटून, रुजवून त्याची एकतीस पोवळी केली होती. बाहेर ऊन सत्तेचाळीसवर गेलं तरी टाकीतलं पाणी सव्वीस अंशांवरून हलू द्यायचं नाही. पोवळ्याचा सांगाडा चुन्याचा, म्हणून पाण्यात चुना थेंबाथेंबाने सोडायचा, सकाळ-संध्याकाळ तपासायचा. तीस वर्षांत पद्मजाबाई घराबाहेर एका रात्रीहून जास्त कुठे राहिल्या नव्हत्या.

आता मालवणजवळ समुद्राचा एक पट्टा थंड करण्यात यश आलं होतं. पोवळी परत न्यायला डॉ. फरीदा मुकादम आल्या. दोन दिवस तपासून त्यांनी सांगितलं, इतकी निरोगी पोवळी एकाही घरात पाहिली नाहीत. पद्मजाबाईंनी न्यायचे डबेसुद्धा धुऊन ठेवले होते. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, की टाकीवरचा दिवा किती वाजता लागतो.

तो रात्री नऊला लागे आणि सकाळी साडेदहाला विझे. तुकडा आला तेव्हा भारनियमनामुळे वीज रात्रीचीच असायची. पुढे ती दिवसभर येऊ लागली, पण पोवळी छान वाढत होती, म्हणून बाईंनी वेळेला हात लावला नाही.

डॉक्टरांनी हातात घेतलेला डबा खाली ठेवला. मग त्यांनी समजावून सांगितलं. पोवळी जागची हलत नाहीत. वर्षातून एकदा, ठरावीक पौर्णिमेनंतर, सूर्य मावळला की सगळी एकाच घटकेला आपलं बीज पाण्यात सोडतात. दोन वेगळ्या कुळांचं बीज भेटलं तरच नवा जीव धरतो. पालकघरांत मात्र सूर्य नव्हता, दिवा होता, आणि प्रत्येक घराचा वेगळा. ती वेळ पोवळ्यांच्या अंगात मुरली होती. शास्त्रज्ञ तिला दीपवेळ म्हणत. समुद्रात सोडल्यावरही ती सुटत नव्हती.

"दर पौषात, दिवा विझल्यावर अर्ध्या तासाने, गुलाबी मणी वर येतात," पद्मजाबाई हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, सुखात आहेत. पाणी नासू नये म्हणून मी ते गाळणीने काढून टाकते."

"ते बीजच होतं, ताई. पण सगळी एकाच तुकड्याची, म्हणून आपसात काही धरत नाही. आणि समुद्रात सकाळी अकराला त्यांना भेटायला दुसरं कोणी नसेल."

दीपवेळ पुसायचा एकच उपाय होता: चाळीस दिवस अंधार, मग खऱ्या सूर्यचंद्राची वेळ. पण पोवळ्याच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न करून त्याला भरवतं. अंधारात दोघांचीही उपासमार. बहुतेक मरतील, हे डॉक्टरांनी लपवलं नाही.

"आणि इथेच ठेवली तर?"

"तुम्ही आहात तोवर जगतील."

डॉक्टर रिकाम्या हातांनी परतल्या. आठवड्याने पद्मजाबाईंनी कळवलं, की अंधार करायचाच तर प्रयोगशाळेत नको, माझ्या घरी, माझ्या हातून होऊ दे.

त्यांनी टाकीला काळं कापड शिवून घातलं. पाणी तपासण्यापुरता हात आत घालत. एकोणिसाव्या दिवशी बोटांना शेंडे बुळबुळीत लागले. जिवंत कातडी सुटत होती. यजमान नरसय्या म्हणाले, पुरे झालं, दिवा लाव. त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या, पण दिवा लावला नाही. चाळीसाव्या दिवशी कापड काढलं तेव्हा तीन पोवळ्यांत जीव होता.

ती तिन्ही मालवणला गेली. दुसऱ्या चैत्रात डॉक्टरांचा निरोप आला, की तिघांनी, प्रयोगशाळेतल्या अंधारातून वाचलेल्या दुसऱ्या कुळांच्या बरोबरीने, बीज सोडलं आणि खडकावर मोहरीएवढी नवी पोवळी धरली आहेत. पद्मजाबाईंनी निरोप दोनदा ऐकला आणि रिकामी टाकी पुसायला घेतली.

त्यानंतर पद्मजाबाईंचा दाखला देऊन, अंधार करण्याविषयीचं पत्र उरलेल्या पालकघरांना गेलं. पुष्कळांनी नकार दिला. एका दुपारी लातूरहून उमाकांत बिडवे नावाच्या पालकाचा फोन आला. त्यांच्याकडे बारा पोवळी होती. थोडं इकडचं तिकडचं बोलून ते मुद्द्यावर आले.

"बाई, खरं सांगा. तुम्ही मारलीत का ती?"

"हो," पद्मजाबाई म्हणाल्या. "अठ्ठावीस."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग बिडव्यांनी विचारलं, कापड एकपदरी पुरतं की दुपदरी लागतं.