दाराबाहेरचा प्रेक्षक

ज्यांना पटणार नसेल त्यांनी खुशाल हसावं. ही घटना खरी आहे, माझ्या आईच्या बाबतीत घडलेली. आईला खोटं बोलता येत नसे. त्यामुळे तिचं फारसं कुणाशी पटलंही नाही.

ठिकाण, फिजीची राजधानी सुवा. विद्यापीठातलं मुलींचं हॉस्टेल. नोव्हेंबरातला शनिवार, तिन्हीसांजा उलटून गेलेल्या.

आई, म्हणजे लेसिएली, तेव्हा तिशीत होती. समुद्रापलीकडच्या आमच्या हाआपाई बेटांवरच्या शाळेतली नोकरी, माझे वडील आणि मी, सगळं मागे ठेवून ती पदवी पुरी करायला आली होती. हॉस्टेलातल्या पोरी तिला मास्तरीणबाई म्हणत.

तिच्याकडे लॅपटॉप होता. सेमिसीमामाने पाठवलेला. आईचा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात फळमळ्यावर मजुरीला जायचा, तिथूनच त्याने तो घेतला होता.

शनिवारी त्या लॅपटॉपचा टीव्ही व्हायचा. टेबलावर दुधाचा क्रेट पालथा घालायचा, त्यावर लॅपटॉप, शेजारी कुणाचे तरी जुने स्पीकर. दोन्ही पलंगांवर दाटीवाटीने पोरी. मांडीवर ब्रेड, नाहीतर उकडलेला कसाव्याचा कंद आणि डब्यातले मासे.

त्या शनिवारी एक प्रेमाचा पिक्चर लागला होता. नायक नायिकेच्या जवळ सरकला...

आणि दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

आईचा हात आपोआप पुढे गेला. तिने पिक्चर थांबवला.

"अहो मास्तरीणबाई!" वसिती ओरडली. ती आईची खोलीतली सोबतीण, फिजीचीच. "आत्ता कुठे तो तिचा हात धरणार होता!"

"बाहेर कुणीतरी खाकरलं."

"मुलींच्या हॉस्टेलात खाकरणार कोण? वॉर्डनबाईंना मिशा फुटल्या वाटतं!"

वसितीने उठून दार उघडलं. लांबलचक व्हरांडा. वाळत घातलेल्या छत्र्या.

कुणीही नव्हतं.

"माझा भाऊ असाच खाकरतो," आई हसून म्हणाली. "घरात टीव्ही लागलेला असला आणि आत मी असले, की तो उंबरठ्याबाहेरच थांबतो. मग मी उठून जाते, नाहीतर तो तरी जातो."

"का? भांडण आहे?"

"भांडण कशाला? पडद्यावर कधी काय दिसेल, सांगता येतं का? भावाबहिणीने एकत्र कसं बघायचं? आमच्यात वयात आल्यावर कुणीच बघत नाही."

"बिचारा!"

"बिचारा कसला? मान ठेवतो तो माझा."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच झालं. पिक्चर सुरू झाला, आई पलंगावर टेकली...

बाहेर कुणीतरी खाकरलं.

या वेळी वसितीनेही ऐकलं. पण ती दार उघडायला उठली नाही.

थोड्या वेळाने आई चहा करायला खालच्या स्वयंपाकघरात गेली. किटली घेऊन परत आली, तर सगळ्या पोरी एकाच पलंगावर भिंतीला चिकटून बसल्या होत्या. आईचा पलंग रिकामा होता. पिक्चर चालूच होता.

"मास्तरीणबाई, आधी आत या," वसिती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"काय झालं?"

"तुम्ही गेलात ना... मग तुमचा पलंग खचला. कुणीतरी बसल्यासारखा. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आणि जिन्यात तुमची पावलं वाजली, तसा पलंग... परत वर आला."

आईने चादरीवर हात ठेवला.

चादर उबदार होती.

"आता माझा भाऊ समुद्र ओलांडून पिक्चर बघायला आला म्हणा!" आई हसली.

कुणी हसलं नाही. आणि कोपऱ्यात बसलेली फिपे रडू लागली.

फिपे व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत राहायची. आमच्याच बेटावरची.

"ताई... तुमच्या आत्यांनी शपथ घातली होती. शेवटचा पेपर होईपर्यंत सांगायचं नाही म्हणून."

"काय सांगायचं नाही?"

फिपेने सांगितलं. मळ्यावर ट्रॅक्टर उलटला होता. आईने पहिल्यांदा खाकरणं ऐकलं, त्याच्या आदल्या दिवशी. सेमिसीमामाला घरी आणलं होतं. पुरलंही होतं.

आईने एकच प्रश्न विचारला.

"उशाशी कोण बसलं?"

मेलेल्या भावाच्या उशाशी बसायचा मान बहिणीचा.

"तुमच्या आत्या," फिपे म्हणाली.

आई रडली नाही. तिला गेला रविवार आठवला. चर्चमध्ये आपल्याकडच्या सगळ्या बायका तिला एकेक करून मिठी मारून गेल्या होत्या. फार घट्ट. परीक्षेसाठी शुभेच्छा, म्हणाल्या होत्या.

सगळ्यांना माहीत होतं.

"बाहेर जा सगळ्या," आई म्हणाली.

पोरी मुकाट्याने बाहेर गेल्या. आईने दार लोटलं. प्रेमाचा पिक्चर काढून टाकला आणि रग्बीचा एक जुना सामना लावला. मामाला तो जीव की प्राण. मग ती पलंगाच्या एका कडेला बसली. शेजारी जागा ठेवून.

स्पीकरमधून प्रेक्षकांचा गलका येत होता.

मग... तो खाकरला. दाराला अगदी लागून.

"ये," आई म्हणाली. "आत ये, सेमिसी."

काही हललं नाही.

"कुणी बघत नाहीये. बस माझ्याजवळ. त्यांनी मला तुझ्या उशाशी बसू दिलं नाही. तू तरी बसू दे."

दार जरासं हललं. बोटभर.

"मी बोलावतेय ना? मोठी बहीण बोलावतेय. ये!"

बराच वेळ गेला. मग बाहेर पावलं वाजली. अनवाणी, जड, सावकाश.

पण आत येणारी नाहीत... दूर जाणारी.

आई धावत बाहेर आली. पोरी व्हरांड्यातच भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या.

"कोण गेलं इथून?"

"कुणी नाही," वसिती म्हणाली.

पण त्या सगळ्यांनी पाय पोटाशी आखडून घेतले होते. एखाद्याला वाट करून द्यावी तसे. का, ते त्यांना सांगता आलं नाही. पाय कधी ओढून घेतले, तेही आठवेना.

त्यानंतर तो आला नाही.

आईने पुष्कळ वाट पाहिली. सामना लावून ती मुद्दाम खोलीबाहेर जायची, आणि आत वसिती एकटी, भीत भीत, आईसाठी बसून राहायची. पलंग पुन्हा खचला नाही.

आई त्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली.

नाताळात ती घरी आली. तिच्या आत्याने तिला जवळ घेतलं. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं."

आत्यापुढे आमच्याकडे कुणी बोलत नाही. बापाची बहीण ती, तिचा शब्द शेवटचा. पण आई बोलली. हॉस्टेलातलं सगळं सांगितलं. कदाचित आत्याला बोचावं म्हणूनच.

आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "टीव्ही चालू असताना तू त्याला आत बोलावलंस?"

"हो."

"आणि शेजारी बसायला सांगितलंस?"

"हो."

"अगं, तो तुझ्या दाराशी होता. ते त्याला चाललं असतं, कितीही दिवस. आता तो उभा तरी कुठे राहील?"

आई उठून बाहेर गेली. आत्याशी नंतर कधीच बोलली नाही. आत्या वारली तेव्हा गेली, सगळं रीतीने केलं, आणि परत आली.

यंदा जूनमध्ये आई गेली. शेवटच्या आठवड्यात तिने मला विचारलं, "आत्या म्हणाली ते खरं असेल का गं?"

मी म्हटलं, "नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझं तिच्यासारखं नाही, मला खोटं बोलता येतं. पण त्या दिवशी जमलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.