प्रतिमनाची उलटतपासणी

"प्रतिमन तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतं," प्रयोगशाळेतल्या यंत्रावर हात ठेवून डॉ. निनाद पांढरीपांडे म्हणाले, आणि कुमुदिनीबाई हरकरे यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभी हयात नागपूरच्या फौजदारी कोर्टात उलटतपासण्या घेण्यात गेलेली ही बाई. साक्षीदाराला त्याच्याच शब्दांत कसे अडकवायचे, हे तिला कुणी शिकवायला नको होते.

झाले होते असे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाई काही दिवस बेशुद्ध होत्या. बेशुद्ध माणसाची संमती घ्यायची कशी, यावर इस्पितळाने तोड काढली होती. रुग्णाचे जुने संवाद, नोंदी, सवयी यांवरून त्याच्या मनाची हुबेहूब नक्कल घडवायची, तेच प्रतिमन. ते देईल ते उत्तर रुग्णाचे. आजारी माणसापेक्षा हे सोयीचेच. ते कण्हत नाही आणि उलट प्रश्नही करत नाही. बाईंच्या प्रतिमनाने त्यांची सगळी वैद्यकीय माहिती नावानिशी संशोधनकोशात द्यायला होकार दिला होता. बाळंतपणानंतर त्यांनी मनोरुग्णालयात काढलेले महिनेही त्यात होते. ते त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हते. त्याच दिवशी संध्याकाळी माहिती कोशात गेली की कुणीही ती वाचू शकणार होते.

तुम्ही आत्ता चिडलेल्या आहात, असे डॉक्टर समजावू लागले. प्रतिमन मात्र शांत असते, आणि त्याचे उत्तर सहसा चुकत नाही.

"म्हणजे मीही होच म्हटलं असतं?"

"नक्की."

"म्हटलं असतं ना कदाचित. कुणाच्या कामी येत असेल तर देऊनही टाकलं असतं. पण मला तुम्ही विचारलंच नाही. आता तुमच्या साक्षीदाराला एक प्रश्न मी विचारते."

आपण नक्कल आहोत, हे प्रतिमनाला कधी सांगत नसत. बाईंनी ते सरळ सांगून टाकले. मी शुद्धीवर आहे, तुझ्या समोर उभी आहे, हेही सांगितले. मग विचारले, "माझ्याऐवजी तुझा होकार धरलेला तुला चालतो?"

"नाही," यंत्र बाईंच्याच आवाजात म्हणाले. "डॉक्टर, ती जितीजागती समोर उभी आहे, मग मला काऊन विचारून राहिले?"

इथे मात्र यंत्र चुकले असावे, असे डॉक्टर पुटपुटले.

"चुकत असेल, तर त्याचा आधीचा होकार कामाचा नाही," बाई म्हणाल्या. "बरोबर असेल, तर त्यानं तो आत्ताच मागे घेतला. यातलं कोणतं लिहून घेता?"

डॉक्टरांना तिसरा रस्ता सापडेना. त्यांनी बाईंची माहिती कोशात जाण्यापासून थांबवली. मग प्रथमच त्यांनी खुद्द बाईंना संमती विचारली.

"विचार करून सांगते," म्हणत बाई जिना उतरून गेल्या.

न राहवून डॉक्टर यंत्राकडे वळले. बाई काय ठरवतील, असे त्यांनी प्रतिमनाला विचारले.

"तिलाच विचारा," प्रतिमन म्हणाले.