सर्वांत सावकाश चालणारा पुढे

यायची होती बारा माणसं. आला एकटाच — तोही टाय लावून.

दुबईतल्या रास अल खोरच्या खाडीवरचं जानेवारीतलं धुकं अजून उठलं नव्हतं. गॅरेजं आणि गोदामं संपतात तिथून पाणथळ सुरू होते. त्या उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर झोपा काढत होते. मृणालिनी ट्रॅव्हल कंपनीचा पिवळा झेंडा धरून उभी होती. तिच्या जॅकेटचं टोक धरून पाच वर्षांची ओवी. ओवीची नर्सरी गेल्या महिन्यात अचानक बंद पडली होती, त्यामुळे आई जाईल तिथे लेक.

"'पायी स्वीडन'वाले इथेच ना?" त्याने हिंदीत विचारलं.

"इथेच, सर. वेलकम... ओवी, चिखलात नको गं. पुन्हा बूट धुणार नाही मी, सांगून ठेवते."

त्याचा चेहरा उजळला. "मराठी? कुठल्या तुम्ही?"

"ठाण्याच्या. आता अल बर्शाच्या."

"मी पुण्याचा. आणि आता — बघा की — अल बर्शाचाच. दादा-वहिनीकडे राहतो. तन्मय." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "बाकीचे अकराजण?"

"येतील," मृणालिनी म्हणाली. येणार नव्हते. जगभर मंदी पसरली होती, दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थिजल्या होत्या, आणि अकराही जणांनी बुकिंग रद्द केलं होतं. जुलैमध्ये स्वीडनच्या उत्तरेला जायचं, आठवडाभर डोंगरातून आणि दलदलीतून पायी हिंडायचं, रेनडिअरचे कळप बघायचे अशी ती सहल. त्याआधी सहा महिने चालण्याचा सराव सक्तीचा. तो करून घेणं आणि मग सगळ्यांना घेऊन जाणं हे मृणालिनीचं काम. मालकीणबाईंनी, रुकय्या मॅडमनी, स्वच्छ सांगितलं होतं: एक कस्टमर असेपर्यंत सराव चालू, एकही नसला तर खलास. खलास म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली की तिचा व्हिसा, आणि तिच्या व्हिसावर असलेली ओवी... पुढचा विचार ती रोज करायची आणि रोज अर्ध्यावर सोडायची.

म्हणून या एका माणसाकडे तिने जरा जास्तच निरखून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि खाली डोंगरात घालायचे जाडजूड बूट.

"टाय कशाला?"

"इथून सरळ ऑफिस."

"आणि हे बूट?"

"हे स्वीडनचे. आमची नवीनच ओळख आहे, अजून चावतात."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने घाईघाईने पहिला नियम सांगून टाकला. "आपल्यातला जो सर्वांत सावकाश चालतो, तो पुढे. बाकीचे त्याच्या मागे. त्याला ओलांडायचं नाही. तिकडे डोंगरात कुणी मागे सुटू नये म्हणून असंच चालतात."

तन्मयने खाली पाहिलं. "मग लीडर ठरलेलाच आहे."

"मी? आय ॲम द लीडर?" ओवीने विचारलं.

"येस, बॉस."

आणि ओवी निघाली. चार पावलं, की एक शिंपला. आणखी चार, की लाल पायांचा शेकाट्या पक्षी — हा कुणाचा बाबा, तो कुणाची आई, याची चौकशी. कुंपणालगतचा कच्चा रस्ता जेमतेम संपला तोवर ऊन चढलं. मृणालिनी वाट बघत होती, आता हा कंटाळेल, घड्याळ बघेल, लांब ढांगा टाकून पुढे होईल. ओवीचा बाबा मॉलमध्येसुद्धा दहा दुकानं पुढे चालायचा आणि मागे वळून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करायचा. आता तर तो इतका पुढे निघून गेला होता, की बहारीनमध्ये त्याने दुसरा संसारही थाटला होता.

तन्मय पुढे झाला नाही. ओवी थांबली की थांबायचा. ती वाकली की वाकायचा. घड्याळ त्याने एकदाही पाहिलं नाही.

हे मृणालिनीने पाहिलं... आणि घरी जाऊन पुन्हा पुन्हा पाहिलं.

मग आठवड्यातून दोन सकाळी असंच. तिच्या सॅकमध्ये डेटॉल, ग्लुकोज, जादाचे मोजे, शिट्टी, दोन टोप्या.

"स्वीडनला निघालात की लढाईवर?" तो विचारायचा.

"आई आहे मी. माझी रोजच असते."

चालता चालता ती त्याला स्वीडन सांगायची. दलदलीवर फळ्या टाकलेल्या असतात, त्यांवरून एकामागे एक जायचं. समोरून कुणी आलं, तर अनोळखी माणसालाही नमस्कार करायचा. जुलैमध्ये सूर्य मावळायचं नावच घेत नाही, त्यामुळे पाखरांनाही कळत नाही गप्प कधी बसायचं.

"किती वेळा जाऊन आलात?" एकदा त्याने विचारलं.

ती थबकली. "एकदाही नाही. पहिलीच वेळ असणार होती... असणार आहे. हे सगळं पाठ केलंय."

"छान पाठ केलंय," तो म्हणाला. "मला तर गार वाटायला लागलं." आणि त्याने स्वतःची टोपी काढून ओवीच्या डोक्यावर ठेवली, कारण ऊन तिच्या बाजूने येत होतं. सॅकमधल्या दोन टोप्यांची मृणालिनीला आठवणही झाली नाही.

फेब्रुवारीत रुकय्या मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "स्वीडनवाले नाही म्हणाले. एका माणसासाठी कोण गाईड देणार? त्याचे पैसे परत करू. सराव बंद. तू तिकिटांच्या काउंटरवर बस, नोकरी राहील. त्याला आजच सांग."

"सांगते," मृणालिनी म्हणाली. आणि सांगितलं नाही. नोकरीची भीती टळली होती, तरी फोन उचलवेना. म्हणजे भीती दुसरीच होती, हे तिला भांडी घासताना कळलं, आणि हातातला पेला तसाच राहिला.

येत्या शुक्रवारी दुबईबाहेर हजर नावाच्या डोंगररांगेत जायचं आधीच ठरलं होतं. तिने मनाशी म्हटलं, तिथे सांगेन.

वाडीतलं, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या पात्रातलं, पाणी आटत आलेलं, पण खडकांच्या सावलीत निळसर डोह टिकून होते. काठावर बोटभर बेडक्या. ओवी त्यांना शिस्तीत बसवत होती. दोघं वरच्या खडकावर बसले.

"सहल रद्द झाली आहे," मृणालिनी एका दमात म्हणाली. "चार दिवस झाले. तुमचे पैसे मिळतील. मी सांगितलं नाही."

त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "माझी नोकरी नोव्हेंबरातच गेली."

"काय?"

"पहिल्या दिवशी मी बुकिंग रद्द करायलाच आलो होतो, बूट तेवढे हौसेने घातले होते. तुम्ही त्या धुक्यात झेंडा घेऊन एकट्या उभ्या होतात... मला ते बोलवेना. मग पुढच्या वेळी सांगू, त्याच्या पुढच्या वेळी सांगू... कंपनीने मार्चअखेरपर्यंत व्हिसा चालू ठेवलाय. त्यानंतर पुणे."

"आणि टाय?"

"दादा-वहिनीला माहीत नाही. वहिनी रोज डबा देते, मी रोज निघतो. दिवसभर कुठेतरी बसतो." तो खालच्या मानेने हसला. "तुमच्याबरोबरच्या सकाळी तेवढ्या खऱ्या होत्या, मृणालिनी."

हेच ऐकायला ती दोन महिने थांबली होती. आणि ऐकलं, ते रोजच्या खोट्याला जोडून.

"मी तुमच्याशी खोटं बोलले, तुम्ही माझ्याशी. फिटलं," ती म्हणाली. "पण ज्यांच्या घरात जेवता, त्यांच्याशी? ओवीचा बाबाही रोज वेळेवर ऑफिसला निघायचा. कुठे जायचा ते सगळ्या जगाला कळल्यावर मला कळलं. मला पुन्हा तसं नाही जगता येणार. ओवीला तर नाहीच नाही."

"मी तसा नाही."

"असं मला वाटतंय. पण वाटण्यावर मी एकदा संसार केलाय. आधी घरी सांगा, मग माझ्याशी बोला."

उतरताना ओवी पुढे होती. मागे दोघं, एकामागे एक.

शनिवार गेला. रविवार, सोमवार गेले. मृणालिनी काउंटरवर मायदेशी निघालेल्या लोकांना फक्त जायची तिकिटं देत राहिली आणि दर वेळी मोबाईल वाजला की आकडा चुकवत राहिली. मंगळवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात एक ठेंगणी बाई, हातात स्टीलचा डबा.

"मी सुजाता. तन्मयची वहिनी. तो खाली उभा आहे, वर यायची छाती नाही त्याची. हे पुरणाचे कडबू, गरम आहेत. आत येऊ की दारातूनच बघायचं मला?"

मृणालिनी गडबडून बाजूला झाली. "त्याने... सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं. ह्यांनी आधी आरडाओरडा केला, मग डोळे पुसले. आणि मग म्हणतात कसे, माझाही पगार डिसेंबरपासून अर्धा झालाय, तुला बोललो नाही." सुजाता वहिनींनी ओवीच्या गालावर हात फिरवला. "दोन भाऊ, दोन टाय, आणि मी वेडी रोज दोन डबे भरतेय. आता दोघांनाही सांगितलंय, पुन्हा लपवलंत तर उपाशी ठेवीन. तू जा खाली. ही काय, माझ्याशी खेळेल. हो की नाही गं?"

"डू यू नो फ्रॉग्ज?" ओवीने विचारलं.

"घरातच एक आहे, माझा नवरा," वहिनी म्हणाल्या. "चल, चित्र काढून दाखवते."

खाली इमारतीच्या दाराशी तो उभा होता. साधा टी-शर्ट. दोघंही आधी रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले.

"पुण्यात काय करणार?" तिने विचारलं.

"एक मित्र भिगवणला लोकांना पक्षी दाखवायला नेतो. त्याला चालणारा माणूस हवाय. पगार सांगण्यासारखा नाही."

"मी विचारलाही नाही."

"तुम्ही इथेच राहणार?"

"सध्या तरी. ओवीची शाळा सप्टेंबरात सुरू होते. सगळं सोडून निघायची हिंमत माझ्यात नाही, आणि ती मला करायचीही नाही." तिने श्वास घेतला. "पण जुलैची रजा मंजूर आहे. मी ओवीला घेऊन येते तिकडे."

"जुलैमध्ये भिगवणला रोहित नसतात. सगळे उडून गेलेले असतात."

"रोहित बघायला कोण येतंय?"

तो बघतच राहिला. मग हळूच, जणू मोठ्याने बोललं तर ती परत वर जाईल अशा आवाजात म्हणाला, "आईला काय सांगू... कोण येतंय म्हणून?"

मृणालिनीने त्याचा हात हातात घेतला. रस्त्यावर, भर संध्याकाळी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

"खरं ते सांग," ती म्हणाली. "आजच सांग."