कारवीच्या फोटोंचं माप

फोटो नंबर चारशे सत्त्याण्णव झकास होता. घोडेपाठ डोंगराचा हिरवा उतार, वर धुक्याची पट्टी आणि मधोमध कारवीची पहिली जांभळी फुलं. चारशे अठ्ठ्याण्णव मात्र नुसता राखाडी. त्याच्या पुढचाही राखाडी, त्याच्याही पुढचा. असं थेट तीन हजार सहाशेपर्यंत. गंमत म्हणजे यादीत प्रत्येक फोटोचं नाव होतं, तारीख होती, वेळही बरोबर होती. फोटो तेवढे नव्हते.

बारा वर्षांची किमया गभाले संगणकावर उतरवून ठेवलेली ही यादी तिसऱ्यांदा बघत होती आणि तिचं डोकं चक्रावलं होतं.

फोटो आठ वर्षांपूर्वीचे, म्हणजे २०३२ सालचे. करपटवाडीच्या डोंगरावरची कारवी आठ वर्षं गुपचूप वाढते, एकदाच फुलते, सगळी एकदम फुलते आणि मग वाळून जाते. फुलोरा डोंगराच्या पायथ्याकडून वर चढतो, असं किमयाचे आजोबा म्हणत. भात साठवायच्या कणग्या विणणारे सोमामामा म्हणत, तो माथ्यावरून खाली उतरतो. या वादावर गावात दोन तट पडले होते. सोक्षमोक्ष लावायला आजोबांनी समोरच्या कड्यावर कॅमेरा लावला होता. रोज बारा तास, दर दहा मिनिटांनी एक फोटो, असे पन्नास दिवस. आणि हाती आला हा राखाडी ढीग.

आजोबा म्हणजे डॉक्टर भिमाजी गभाले. मेमरी चिपच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलेला करपटवाडीचा पहिला माणूस. ओळख झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत किमया ही गोष्ट समोरच्याला सांगायचीच. त्याबद्दल तिला कोणी चिडवलं तरी तिला त्याचं काही वाटत नसे.

"धुक्याचं पाणी शिरलं कॅमेऱ्यात," आजोबा म्हणाले. ते नवा कॅमेरा रबरी झाकणाच्या डब्यात बसवत होते. "या वेळी थेंब जाणार नाही. आठवडाभरात फुलं येतील. मी चौऱ्याहत्तरचा आहे किमे. पुढच्या फुलोऱ्याला ब्याऐंशीचा असेन. तेव्हा हा डोंगर मला दिसेल की नाही, कोण जाणे. म्हणून हा फुलोरा मला हवाय."

त्यांनी ते सहज सांगितलं.

"कार्ड कोणतं घालणार?" तिने विचारलं.

"तेच, गेल्या वेळचं. त्याला काही झालेलं नाही." आजोबांनी सोनेरी कार्ड उचललं. त्यावर ठळक आकडा होता, ५१२ जीबी. "निरोप समारंभात माझ्या सोबत्यांनी दिलेलं आहे."

किमया म्हणाली, "आजोबा, पाणी शिरून कॅमेरा बंद पडला असता, तर पुढच्या तीन हजार फोटोंची नावं कोणी लिहिली?"

स्क्रू पिळणारा हात थांबला.

"एक फोटो केवढा असतो?" तिने पुढे विचारलं.

"चौसष्ट एमबी."

तिने पाटीवर गुणाकार केला. चारशे सत्त्याण्णव गुणिले चौसष्ट. उत्तर आलं एकतीस हजार आठशे आठ. "हजार एमबीला एक जीबी धरला, तर हे जवळजवळ बत्तीस जीबी झाले. कार्ड पाचशे बाराचं, मग फोटो बत्तिसालाच कसे संपले?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. बत्तीस या आकड्याचा अर्थ त्यांच्या लगेच ध्यानात आला, पण त्यांना तो मान्य करायचा नव्हता. "भेट दिलेली वस्तू आहे ती," ते हळूच म्हणाले. "भेट कोणी तपासत बसतं का?"

"सोमामामांची कणगी आपण मापूनच घेतो ना? त्यांच्यासमोर?"

करपटवाडीत नवी कणगी घरी आली, की विणणारा सख्खा मामा असला तरी त्याच्यासमोर तिच्यात पायलीने भात ओततात. मोजणारा 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, असं मोजत कणगी भरते. मग तेवढंच भात मोजून बाहेर काढतात. यात कोणाचा अपमान होत नाही. उलट माप न घेता कणगी ठेवून घेतली, तर विणणाराच रागावतो.

"बरं," आजोबा म्हणाले. "खेकड्याला बोलाव."

खेकड्या म्हणजे आजोबांनी बनवलेला सहा पायांचा यंत्रमानव. निसरड्या कड्यावर सामान वाहून न्यायचं त्याचं काम. त्याच्या पोटात कार्डाची खाच होती. किमयाने त्याला समजावलं, "एक जीबी म्हणजे एक पायली. प्रत्येक पायलीत वेगळे आकडे भर. एकीसारखी दुसरी नको, नाहीतर अदलाबदल झालेली कळायची नाही. आणि मोजायला लाभपासून सुरुवात कर."

"लाभ," खेकड्या म्हणाला आणि कामाला लागला. "दोन. तीन."

सकाळची दुपार झाली. जेवणं उरकली तरी खेकड्याचं मोजणं चालूच होतं. शेवटी त्याने जाहीर केलं, "पाचशे बारा. सगळं भरलं. तक्रार नाही."

आजोबांचा चेहरा खुलला. "बघ. पाणीच होतं ते."

किमयाचा चेहरा पडला. पण कणगीचं माप अर्ध्यावर कोण सोडतं? "अजून काढायचं राहिलंय," ती म्हणाली. "खेकड्या, आता एकेक पायली बाहेर काढ आणि भरलेल्याशी ताडून बघ."

"लाभ, बरोबर. दोन, बरोबर." तो एकतीसपर्यंत बरोबर म्हणत गेला. मग थांबला. "बत्तीस, अर्धवट. तेहतीस, रिकामी. चौतीस, रिकामी."

आजोबा ओट्यावर बसले आणि त्यांनी किमयालाही शेजारी बसवलं.

"नीट ऐक," ते म्हणाले. "कार्डात दोन वस्तू असतात. एक फ्लॅश मेमरी (वीज बंद झाली तरी लक्षात ठेवणारी चिप). तिच्यात कोट्यवधी बारीक घरं असतात आणि घराघरात विजेचा इवलासा साठा. दुसरा असतो कंट्रोलर (त्या घरांचा कारभारी). कॅमेऱ्याला घरं कधी दिसतच नाहीत. तो कारभाऱ्याला विचारतो, जागा किती? कारभारी सांगेल ते खरं."

"आणि कारभारी खोटं बोलला तर?"

"तेच झालंय. कुणा लबाडाने बत्तिसाची चिप घातली आणि कारभाऱ्याला पाचशे बारा म्हणायला शिकवलं. घरं भरल्यावरही तो 'ठेवलं, ठेवलं' म्हणत राहिला आणि फोटो वाऱ्यावर सोडले. नावांची वही मात्र दारातल्या पहिल्या घरांत असते, म्हणून नावं शाबूत राहिली." आजोबा थांबले. "माझ्या सोबत्यांनाही कोणीतरी फसवलंच असणार. पण मी? तीस वर्षं दुसऱ्यांच्या चिप तपासल्या आणि स्वतःचं कार्ड तसंच घातलं. आठ वर्षं बिचाऱ्या धुक्याला बोल लावला."

किमयाने त्यांचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघं तालुक्याच्या गावी गेली. दुकानदार सर्वांत वेगवान कार्ड पुढे करत होता. किमयाने ते बाजूला सारलं.

"आमचा कॅमेरा दहा मिनिटांनी एक फोटो काढतो, काका. एवढा वेग काय करायचा? भराभर चित्रफीत काढायची असती, तर घेतलं असतं. आमचं कार्ड पन्नास दिवस थंडी-ओलीत बसणार. आम्हाला दमदार पाहिजे."

"प्रत्येक वेळी लिहिलं-पुसलं, की घरांच्या भिंती थोड्या झिजतात," आजोबांनी पुस्ती जोडली. "ती झीज जास्त सोसणारं द्या. पावती पण द्या, माप चुकलं तर परत आणू."

तीन हजार सहाशे फोटोंना दोनशे एकतीस जीबी पुरे होते. त्यांनी दोनशे छप्पन्नची दोन कार्डं घेतली. दोन का, तर कॅमेऱ्याला दोन खाचा होत्या आणि प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिता येत होता. चांगलं कार्डही एखाद्या दिवशी दगा देऊ शकतं, हे आजोबांना चांगलं ठाऊक होतं.

घरी आल्यावर दोन्ही कार्डं मापली गेली. भरून आणि काढून. खेकड्याचं शेवटचं 'बरोबर' ऐकल्यावरच किमयाने ती कॅमेऱ्यात बसवली.

मग डोंगर फुलला. पन्नास दिवस किमया शाळेला जाता-येता कड्याकडे बघत राहिली. एकावन्नाव्या दिवशी खेकड्या कॅमेरा घेऊन खाली आला, तेव्हा गभाल्यांच्या अंगणात सारी वाडी जमली होती. सोमामामा सर्वांत पुढे बसले होते.

पहिल्या कार्डाने चाळिसाव्या दिवशी मान टाकली होती. आजोबांनी दुसरं पुढे केलं.

"लाभ," खेकड्याने सुरुवात केली. पाचशेच्या जवळ आल्यावर अंगणातले सगळे पडद्याजवळ सरकले. "चारशे सत्त्याण्णव. चारशे अठ्ठ्याण्णव." पडद्यावर जांभळा डोंगर होता. पुढेही जांभळाच होता, आणि खेकड्या मोजत मोजत तीन हजार सहाशेपर्यंत गेला.

मग सगळे फोटो भरभर पळवले. फुलोरा डोंगराच्या मधल्या ओल्या घळीत सुरू झाला आणि तिथून वरही चढला, खालीही उतरला.

"म्या म्हणलं व्हतं, खाली उतरतो," सोमामामा म्हणाले.

"आणि वर चढला, तो दिसला नाही का?" आजोबांनी विचारलं. पुढच्या आठ वर्षांच्या वादाची सोय झाली आणि अंगण हसण्यात बुडालं.

हसणं ओसरल्यावर आजोबा उभे राहिले. गेल्या वेळी चूक धुक्याची नव्हती, माझी होती, असं त्यांनी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. ते सांगताना त्यांची मान खाली नव्हती. मग त्यांनी कॅमेऱ्याचा डबा किमयाच्या हातात दिला. झाकणावर त्यांनी स्वतः रंगाने लिहिलं होतं, "२०४८ साठी. कार्ड घालण्याआधी किमया गभाले यांच्याकडून मापून घ्यावे."

"आजोबा, तेव्हा तुम्ही पण असाल," ती म्हणाली.

"बघू. पण आता मला घोर नाही." आजोबांनी गर्दीकडे वळून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ओळख करून देतो. ही माझी नात. माझं माप हिनं घेतलं."