तांबड्या कपातली चिठ्ठी

माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मला खपत नाही. तो बसला होता, आणि वर माझाच स्क्रीन न्याहाळत होता.

"ऊठ," असं थेट सुनावणार होते... पण त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडून निघालं, "अं— ही माझी जागा आहे."

"वाटलंच. एवढा पसारा हक्काच्या जागेवरच होतो." तो हसत उठला. वरच्या मजल्यावर सहा महिन्यांच्या कंत्राटावर आलेला टेस्टर. मी त्याचं नाव पाहुणा ठेवलं.

"तुम्ही इथे नेमकं काय करता?" त्याने विचारलं.

"एका हवामान केंद्राचं जुनं मशीन कधीच भंगारात गेलं. पण त्याची अख्खी डिस्क, साठ वर्षांच्या पाऊस-वाऱ्याच्या नोंदींसकट, आमच्याकडे एका फाइलमध्ये उतरवून ठेवलीय. मशीन सुरू न करता माझा कोड थेट त्या फाइलच्या आत शिरतो. चुकीची नोंद वाचतो, दुरुस्त करून परत लिहितो."

"आणि मी त्याच फाइलवरून ते मशीन माझ्या स्क्रीनवर सुरू करून बघणार, तुम्ही काय घोळ घातलाय ते."

"तोंड सांभाळा, पाहुणे!"

ही दोन कामं एकाच वेळी चालत नाहीत. मशीन सुरू असताना बाहेरून कोडने लिहिलं, तर मशीनला पत्ताच नसतो. तेही आपलंच लिहीत राहतं आणि फाइलींची यादी पार विस्कटते. म्हणून मी एक तांबडा कप ठेवला होता. कप ज्याच्या टेबलावर, डिस्क त्याची. पद्धत माझी, तेव्हा बिनचूकच असणार, अशी माझी खात्री होती.

कप जिन्याने वर-खाली होऊ लागला. आधी रिकामा, नंतर त्यात लिमलेटची गोळी. एकदा तर खिडकीवरच्या कुंडीतलं इवलंसं पिवळं फूल.

"कप शिपायाबरोबर पाठवला असता तरी चाललं असतं," मी म्हटलं.

"चाललं असतं. पण मग कोड लिहिताना तू कपाळावर आठ्या घालतेस, त्या कशा दिसल्या असत्या?"

"मी आठ्या घालत नाही."

"आत्ता घातल्यास."

'तुम्ही'वरून 'तू'वर तो परवानगी न घेताच आला होता. मला ते आवडलं होतं... आणि आवडलं म्हणून रागही आला होता.

गुरुवारी जेवून आले, तर टेबलावर कप. आत न बघता मी कोड चालवला. वीस मिनिटांनी कप उचलला, तेव्हा तळाशी घडी केलेली चिठ्ठी दिसली. 'मशीन अजून सुरू आहे. कप फक्त विचारायला आणलाय— पाचला चहाला येशील?'

मी धावत वर गेले. त्याच्या स्क्रीनवर बारा वर्षांच्या नोंदींचा खिचडा झाला होता.

कंपनी माझ्या मामाची. तिथे त्याला 'सर' म्हणायचं, हा त्याचाच नियम. आम्हा दोघांना त्याने केबिनमध्ये उभं केलं.

"चूक माझी, सर. कप मी ठेवला," पाहुणा म्हणाला.

"झालं तर मग. याचं कंत्राट आजच संपलं." मामा माझ्याकडे वळला. "तू रिपोर्ट लिही. याचं नाव घाल, विषय संपव. ग्राहकाला कारण हवंय."

बाहेर आल्यावर पाहुणा हळूच म्हणाला, "लिही गं. मी काय, पाहुणाच..."

"गप्प बस!" माझा आवाज सगळ्या हॉलने ऐकला. घरच्या माणसाला झाकायचं आणि परक्याचा बळी द्यायचा? माझ्याच्याने ते होणार नव्हतं.

मामा प्रत्येक रिपोर्ट हॉलमध्ये उभा राहून मोठ्याने वाचतो. हाही वाचला.

"'कोड माझा. लिहिण्याआधी मशीन सुरू आहे का, हे त्याने तपासायला हवं होतं. ती तपासणी मी आळसाने घातली नाही, एका कपावर विसंबले. चूक माझी. डिस्कची सकाळी काढलेली प्रत परत बसवली आहे, अर्ध्या दिवसाचं काम गेलं. तपासणी आता कोडमध्ये घातली आहे. मशीन सुरू असल्याचं टेस्टरने लेखी कळवलं होतं. पुरावा सोबत...'" मामाने चिठ्ठी वाचली आणि अडखळला. मग शेवटची ओळ. "'चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर: हो.'"

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्याचे कान लाल झाले.

"हे ग्राहकाला पाठवू?" मामा गरजला.

"शब्द न् शब्द पाठवा. याला काढलंत, तर माझा राजीनामाही रिपोर्टला जोडा."

"तुझ्या आईला काय सांगू मी?"

"तुझ्या ताईला सांग, पोरगी चहाला गेली." मी कप उचलला. "पाच वाजले, मामा."

आम्ही दोघं जिना उतरू लागलो. वरून मामाचा आवाज आला, "उद्या नऊला वेळेवर या! दोघंही!"

मी थांबले. "ऐक. मला तू आवडतोस. हे रिपोर्टमध्ये घालायचं राहिलं."

एरवी तोंडाळ असलेल्या पाहुण्याने माझ्या हातातून कप घेतला, पायरीवर ठेवला आणि रिकाम्या झालेल्या माझ्या हातात आपला हात दिला.