नांदखार हिरवं, खारमाळ लाल

खारमाळ गावाने काहीच केलं नव्हतं. बांध होता तिथेच होता, घरं होती तिथेच होती. कुणी कुठे खणलं नव्हतं की भराव टाकला नव्हता. तरीही त्या सकाळी पंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यावर नवा पूरधोका नकाशा (पूर आला तर कुठे किती पाणी चढेल हे रंगांनी दाखवणारा नकाशा) उमटला, तेव्हा अख्खं खारमाळ लाल झालं होतं. मागच्या नकाशात ते पिवळं होतं. आणि खाडीपलीकडचं नांदखार मागच्या वेळी लालभडक असूनही आता चक्क हिरवंगार!

हे झालं कसं?

हर्षाली म्हात्रेच्या मते उत्तर अगदी सोपं होतं. नांदखारमध्ये तिची मावसबहीण केतकी राहायची. केतकीला सायकल आधी मिळाली, पोहायला आधी आलं. चष्माही तिलाच आधी लागला, आणि हर्षालीला त्या चष्म्याचासुद्धा हेवा वाटला होता. गेल्या वर्षी केतकीच्या गावाला नवाकोरा उंच बांध मिळाला. आता हिरवा रंगही त्यांनाच! आणि हा नकाशा बनवला होता केतकीच्या आईने, म्हणजे खाडीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ नलूमावशीने.

"स्वतःच्या गावाला हिरवं रंगवलं आणि आम्हाला लाल!" हर्षाली शाळेच्या वाटेवर भेटेल त्याला सांगत सुटली. दुपारपर्यंत सगळं गाव तेच बोलू लागलं. सरपंच हिराबाय तर कंबरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "त्यांचा बांद उंच काय? मंग आपन त्यांच्यापेक्षा हातभर उंच बांदू! रविवारी सभा. मोट्या उधानाच्या आदी काम झालंच पायजे."

हर्षालीला गुदगुल्या झाल्या. पण तेवढ्याने तिचं पोट भरेना. ती सौरहोडीत बसली आणि तडक नांदखारला गेली.

मावशीच्या ओटीवर चिंबोरी पाय धूत होती. चिंबोरी म्हणजे मावशीचा यंत्रमानव. चिखलात न रुतता चालावं म्हणून तिला खेकड्यासारखे पाय दिले होते. केतकी शेजारी बसून तिच्याशी गप्पा मारत होती. ते पाहून हर्षालीच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

"मावशी, तू लबाडी केलीस," ती म्हणाली.

केतकी उसळून उठली. मावशीने मात्र हातातला कप शांतपणे खाली ठेवला. "तोंडावर बोललीस हे बरं केलंस. आता तपासही तूच कर. आजचा दिवस चिंबोरी तुझं ऐकेल."

"आई! मला तर तू तिला कधी चालवू देत नाहीस!" केतकीचं तोंड एवढंसं झालं. हर्षालीला अगदी बासुंदी खाल्ल्यासारखं वाटलं.

तिने चिंबोरीला खारमाळच्या बांधावर नेलं. उंची मोजली. होती तेवढीच! "बघ, आमचं काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली.

"तुमचा बांध बदललेला नाही," चिंबोरी शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ बोलली. "आता खाडी मोजावी, अशी माझी सूचना आहे."

चिंबोरी पाण्यात उतरली आणि ध्वनिमापनाने (आवाज तळाला आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून खोली मोजण्याच्या पद्धतीने) तळ तपासू लागली. तळाशी गाळ साचून खाडी उथळ झाली होती. समुद्राची पातळीही थोडी चढली होती. शिवाय नांदखारचा नवा बांध जुन्यापेक्षा बराच पुढे, खाडीत सरकवून बांधला होता. म्हणजे खाडी अरुंदही झाली होती.

"पण त्यांच्या बांधाने आम्ही लाल कसे झालो?" हर्षालीला काही उमगेना.

परत आल्यावर मावशीने स्वयंपाकघरातून कणीक मळायची परात आणली आणि ओल्या मातीचे दोन लांब बांध घातले. मधे झाली खाडी. एका बाजूला केतकीचं गाव, दुसऱ्या बाजूला हर्षालीचं. घरं म्हणून दोघींनी चिंचोके मांडले. हर्षालीने आपल्या आजीच्या घराचा चिंचोका तर निवडून मोठा घेतला. असं छोटं प्रतिमान (खऱ्या गोष्टीची तिच्यासारखीच वागणारी नक्कल) केलं की पाण्याचं वागणं डोळ्यांना दिसतं.

केतकीचा बांध आधी बुटका ठेवला होता. मावशीने तांब्याभर पाणी खाडीत ओतलं. ते केतकीच्या बाजूला सांडलं, हर्षालीची बाजू कोरडी राहिली. मग केतकीने बांध उंच केला, थोडा खाडीत पुढेही सरकवला. पुन्हा तेवढंच पाणी. या वेळी ते सगळं हर्षालीच्या चिंचोक्यांवर आलं.

"म्हणजे तुमच्याच बांधाने आम्हाला बुडवलं!" हर्षाली ओरडली आणि भराभर आपला बांध वाढवू लागली. तिसऱ्या तांब्याला केतकीची घरं भिजली. हर्षाली टाळ्या पिटत नाचली. मग केतकीने ईर्ष्येने माती थापली. मग पुन्हा हर्षालीने. मावशी पाणी ओतत राहिली.

आता दोन्ही बांध उंच झाले होते. पाणी कुठेच सांडेना. ते मधल्या चिंचोळ्या जागेत चढत चढत गेलं आणि अचानक हर्षालीच्या बांधाला खांड (बांध फुटून पडलेलं भगदाड) पडली. आधी पाणी हळूहळू पसरायचं, चिंचोके फक्त भिजायचे. या वेळी लोंढाच आला. मोठा चिंचोका गिरक्या खात परातीच्या कडेला जाऊन आदळला.

हर्षालीने तो चिंचोका उचलून मुठीत धरला. "रविवारी सभेत गाव बांध वाढवायचं ठरवणार आहे," ती हळूच म्हणाली. "मीच सगळ्यांना चिथावलं."

"पाण्याला पसरायला जागा हवी," मावशी म्हणाली. "दोन्ही गावांच्या खाडीकाठी पडीक खाजण (भरतीचं पाणी शिरणारी खारट जमीन) आहे. तिथे बांध मागे घेतला, खारफुटी वाढू दिली, की भरतीचा जोर ओसरतो. मी दोन्ही गावांना सांगून थकले. दोघांचं उत्तर एकच, आधी त्यांना द्यायला सांगा!"

हर्षालीने क्षणभर विचार केला. मावशीला खाडी कळत होती. पण हेवा म्हणजे काय, हे हर्षालीइतकं कुणाला कळणार?

"मावशी, सभा दोन्ही गावांची एकत्र घे. आणि नकाशा सगळ्यांसमोर रंगव."

रविवारी होडीच्या धक्क्यावर सभा भरली. खारमाळ एका अंगाला, नांदखार दुसऱ्या. मावशीने परातीतली गोष्ट सगळ्यांना करून दाखवली आणि दोन्ही गावांकडे पुन्हा खाजण मागितलं. चिंबोरीने धक्क्याच्या भिंतीवर नकाशा उमटवला. माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत राहिली.

शेवटी नांदखारचे पांडूतात्या खाकरले. "आमी देऊ, पन थोरीशीच. त्या कोपऱ्यातली."

चिंबोरीने बांधाची रेघ तेवढी मागे घेतली. लगेच खारमाळचा लाल रंग किंचित फिका झाला. हर्षाली ताडकन उठली.

"एवढीशीच? हिराबाय, त्यांनी नखाएवढी जागा दिली आणि आता वर्षभर मोठेपणा मिरवतील! आपण त्यांच्याहून मोठी देऊ!"

"देऊच!" हिराबाय गरजल्या. "आमचं उगवतीचं खाजन पुरं घ्या!"

"मंग आमचं बी पुरं!" पांडूतात्यांचा आवाज चढला.

रेघा मागे सरकत गेल्या. खारमाळचा लाल गेला, नारिंगी गेला, नांदखारचा हिरवाही पिवळसर झाला. दोन्ही गावं फिकट पिवळी होऊन थांबली. पुरतं हिरवं कुणीच उरलं नाही.

"या चढाओढीचं शास्त्र माझ्या माहितीत नाही," चिंबोरी म्हणाली. "मात्र हा रंगही कायमचा नाही. गाळ साचेल, समुद्र चढेल, खारफुटी वाढेल. दर वर्षी नव्याने मोजावं लागेल."

"मोजायला आम्ही दोघी येऊ," केतकी म्हणाली. हर्षालीने तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि मान डोलावली.

बांध मागे घ्यायला दोन्ही गावं एकाच वेळी उतरली. कोण आधी संपवतंय याची चुरस होतीच. मग मोठं उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची सर्वांत जोरदार भरती) आलं. हर्षाली आजीचा हात घट्ट धरून नव्या बांधावर उभी होती. पाणी फुगलं, खाजणात शिरलं, ऐसपैस पसरलं आणि बांधाच्या खालीच थांबलं.

ओहोटी लागल्यावर हर्षालीने मान उंच करून पलीकडे पाहिलं. केतकीच्या घराची पायरी कोरडी होती. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आपल्या घराकडे वळून बघायचंच राहिलं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.